कोजागिरीला पाहुण्यांसाठी चीज आणि फळांचे ताट कसे मांडावे?

त्रिमूर्तीनगरची सूनबाई (प्रश्न)

नमस्कार. यंदा कोजागिरीला आमच्या गच्चीवर दहा-बारा पाहुणे येणार आहेत. मसाला दूध उशिराच होईल, म्हणून तोपर्यंत नेहमीच्या भेळीऐवजी चीज आणि या दिवसांतली फळे यांचे एक मोठे ताट मांडावे, असा माझ्या नणंदेचा आग्रह आहे. नागपुरात ऑक्टोबरमध्ये रात्रीही उकाडा असतो, तेव्हा चीज किती वेळ उघडे ठेवता येईल? संत्री आणि सीताफळे या ताटात शोभतील का? शिवाय आमचे चुलत सासरे कडक शाकाहारी आहेत, त्यांना कोणते चीज चालेल?

गोकुळपेठकर

ताई, ताट फळांचे आणि चीज त्याच्या सोबतीला, असे धरून चाललात तर बरेच प्रश्न सुटतील. नंतर आटवलेले दूध आहेच, त्यामुळे माणशी चाळीस ग्रॅम, म्हणजे एकूण अर्धा किलो चीज पुरते. गौडा आणि चेडार ही दोन टणक चीजे घ्यावीत आणि हौस असेल तर ब्री या मऊ चीजचा एक छोटा तुकडा घ्यावा. थंडगार चीजला चव लागत नाही म्हणून ते तासभर आधी बाहेर काढावे, असे सगळीकडे सांगतात. तो सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे वीस मिनिटे पुरतात, आणि ब्री तर पाहुणे बसल्यावरच काढावे. कापलेली फळे आणि चीज दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये; उकाडा फार असेल तर तासाभरातच आवरावे. म्हणूनच निम्मा माल फ्रिजमध्ये ठेवून ताट दोनदा भरणे उत्तम.

संत्र्यांविषयी सांगायचे तर अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे ऑक्टोबरपासून येऊ लागतात, पण रात्री गार होईपर्यंत त्यांची साल हिरवटच राहते आणि रसही आंबटसर असतो. हा आंबटपणा गौडाच्या गोडसर चवीला छान जुळतो. फोडींवरचे पांढरे धागे काढावेत आणि फोडी वेगळ्या वाटीत ठेवाव्यात, नाहीतर रस सुटून क्रॅकर बिस्किटे मऊ पडतात. पेरू मात्र अर्धकच्चा, कडक निवडून पातळ कापावा आणि चेडारबरोबर द्यावा. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि ताजे पांढरे चीज ही जोडी घरोघरी खाल्ली जाते, त्यामुळे यात काही विचित्र नाही. सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळल्यास त्या काळ्या पडत नाहीत. डाळिंबाचे दाणे आणि अक्रोड मोकळ्या जागेत टाकावेत. द्राक्षांच्या मागे लागू नये, कारण आपल्याकडचा त्यांचा हंगाम जानेवारीनंतरचा आहे.

अननस, किवी आणि पपई चीजला टेकवून ठेवू नयेत. त्यांतील विकरे (एन्झाइम्स) दुधातील प्रथिने तोडतात आणि चीज कडवट लागू लागते.

महालातला खवय्या

सीताफळाबाबत माझे मत स्पष्ट आहे. ज्या फळाच्या बिया हातात धरून बसावे लागते, ते गप्पांच्या ताटात नको. ते वाटीत चमच्यासह वेगळे द्यावे. त्याऐवजी उकडून सोललेले शिंगाडे ठेवून पाहा. त्यांची सौम्य चव खारट चीजला उठाव देते. आवळ्याचा मोरांबा घरात असेल तर ब्रीजवळ त्याची एक लहान वाटी ठेवावी. विकतचे जॅम लावण्याची गरज उरणार नाही.

आणखी एक सूचना. चांदण्यात ताट सुंदर दिसते खरे, पण त्या प्रकाशात चीज कोणते आणि सुरी कुठे हे कळत नाही, म्हणून जवळ एक दिवा असू द्यावा.

प्रतापनगरची वाचक

शाकाहाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चीज करताना दूध साकळून घट्ट व्हावे म्हणून रेनेट नावाचे विकर वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळते. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोमध्ये तर नियमाने तेच वापरावे लागते. पुष्कळ चीजमध्ये आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे आणि काकांनी विचारलेच तर दाखवता यावे म्हणून वेष्टन जपून ठेवावे. पाहुण्यांत कोणी गर्भवती असेल तर ब्रीसारखे मऊ, बुरशीच्या सालीचे चीज त्यांना देऊ नये.

त्रिमूर्तीनगरची सूनबाई

सर्वांचे आभार. गौडा, चेडार, पेरू, शिंगाडे आणि संत्र्यांची वेगळी वाटी एवढे नक्की करते. ब्रीची पांढरी साल खायची की काढायची, आणि उरलेल्या चीजचे काय करावे?

गोकुळपेठकर

साल खाण्याचीच असते. तुकडा टोकापासून सालीकडे लांबट कापावा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधला मऊ भाग आणि साल दोन्ही येतात. टोकच आडवे कापले तर शेवटच्या पाहुण्याला नुसती साल उरते. उरलेले गौडा आणि चेडार प्लास्टिकमध्ये घट्ट न बांधता बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावे आणि दोन-चार दिवसांत पराठ्यात संपवावे. गच्चीवर बराच वेळ राहिलेले ब्री मात्र परत फ्रिजमध्ये ठेवू नये.