रायझन ३००० आणि सिंकक्लोज: नवा बायोस टाकावा का?

सांगलीची_करसल्लागार
ऑफिसात एएमडी कंपनीच्या रायझन ५ ३६०० (३००० मालिकेतला प्रोसेसर) चे दोन पीसी आहेत. अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट, टॅलीचा डेटा सगळा त्यांवरच. ऑगस्ट २०२४ मध्ये सिंकक्लोज हा एएमडी चिपमधला सुरक्षा दोष जाहीर झाला तेव्हा एएमडीच्या यादीत ३००० च्या डेस्कटॉप चिपसाठी दुरुस्तीच नव्हती. मग त्याच महिन्यात यादी बदलली, दुरुस्ती नव्या बायोसमधून (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) मिळते. आधी नाही का म्हणाले? आणि नवा बायोस टाकावाच का?

रॉम_पाटील
टाका, ताई. हल्लेखोराला आधी कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, पोचावं लागतं हे खरं, पण तिथून तो फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) शिरला तर विंडोज पुन्हा टाकूनही जात नाही. बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन नीट जुळवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. यूपीएस हवाच, मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

जुना_हार्डवेअरवाला
'आधी नाही का' याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं. दुरुस्ती आधी मोठ्या गिऱ्हाइकाला मिळते. जुलै २०२३ मध्ये एएमडीचाच झेनब्लीड हा दोष जाहीर झाला, तेव्हा सर्व्हरच्या एपिक चिपचा मायक्रोकोड (चिपच्या आतला दुरुस्तीचा कोड) लगेच आला, आणि तुमच्या ३६०० ला वर्षअखेरचा वायदा. इंटेलचंही तेच. स्पेक्टर या चिपमधल्या दोषासाठी एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी पेनरिन, वुल्फडेलसारख्या जुन्या चिप दुरुस्तीच्या यादीतून सरळ काढल्या. हे कोअर २ ड्युओवाले पीसी तेव्हा कितीतरी शाळांत, दुकानांत रोज चालत होते.

पण कंपनी वाकते, हेही खरं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकतो हे प्रा. थॉमस नाइसली यांनी दाखवलं. गरज सिद्ध करा, मगच चिप बदलू, असं इंटेल म्हणत होती. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे पीसी पाठवणं थांबवलं आणि २० तारखेला इंटेलने मागेल त्याला बदलून द्यायचं कबूल केलं. त्यापायी ४७.५ कोटी डॉलर हिशेबात धरावे लागले. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, गप्प बसू नका. विकलेल्या चिपची जबाबदारी वॉरंटीबरोबर संपता कामा नये.

सांगलीची_करसल्लागार
एका बोर्डाचा बायोस मिळाला, आज संध्याकाळी टाकते. दुसऱ्याच्या पानावर शेवटचा २०२३ चा आहे.

रॉम_पाटील
मग तो जुनाच, सिंकक्लोजची दुरुस्ती त्यात नसणार. बोर्ड कंपनीला मॉडेल आणि सीव्हीई-२०२३-३१३१५ हा सिंकक्लोजचा नोंद क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. तोवर अशिलांचा डेटा पहिल्या पीसीवर हलवा.