अडचण सातव्या महिन्यातही येऊ शकते
परदेशात शिकायला गेल्यावर पहिले दोन महिने कसेबसे काढले की पुढे सगळे आपोआप अंगवळणी पडते, हे मत अनेकांच्या बाबतीत खरे असेल, पण नव्याने जाणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये असे मला मनापासून वाटते. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळात परतलेल्यांना जुळवून घेणे अधिक जड गेले होते. पुढच्या काही अभ्यासांत मात्र सुरुवातीचाच काळ सर्वांत कठीण आढळला, तेव्हा आधी सोपे, मग कठीण, मग पुन्हा सोपे हा क्रम प्रत्येकाला लागू पडेल असे नाही.

माझा कठीण काळ सातव्या महिन्यात आला. व्याख्याने व्यवस्थित समजत होती, पण गटचर्चेत मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असे, आणि वहीच्या समासात न बोललेली अर्धी वाक्ये साचत जात. एवढे दिवस झाल्यावर मदत मागणे म्हणजे कमीपणा, या समजुतीपायी मी कित्येक आठवडे गप्प राहिलो. शेवटी तीच वही घेऊन प्राध्यापकांना भेटलो, तेव्हा त्यांनी चर्चेचे प्रश्न सर्वांनाच आदल्या दिवशी पाठवायला सुरुवात केली.