‘फेज आउट’ला मराठी शब्द कोणता?

हवामान परिषदांच्या मराठी बातम्यांत ‘फेज आउट’ आणि ‘फेज डाउन’ या दोन्हींसाठी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ वाचलं की मला फार खटकतं. विडी ‘कमी केली’ आणि विडी ‘सोडली’ यांतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मग तो इथेच का पुसायचा?

पर्यावरण कार्यकर्ते आणि तेल उद्योग यांच्यातला झगडा बराचसा या क्रियापदांवरच चालतो. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरावाच्या मसुद्यात कोळशासाठी ‘फेज आउट’ लिहिलं होतं. शेवटच्या घटकेला भारताने ‘फेज डाउन’ सुचवलं आणि तेच राहिलं. त्याच वाक्यात पुढे अकार्यक्षम इंधन-अनुदानांसाठी ‘फेज आउट’ मात्र कायम आहे. तिथे अनुवादक काय करणार? माझं मत स्पष्ट आहे: फेज आउट म्हणजे ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’. ‘कमी’ हा शब्द तिथे येताच कामा नये.

२०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत कार्यकर्ते कोळसा, तेल, वायू या जीवाश्म इंधनांच्या ‘फेज आउट’वर अडून बसले होते. तेव्हा ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या सरचिटणीसांनी सदस्यांना पत्र धाडलं, की उत्सर्जनाऐवजी इंधनांना लक्ष्य करणारा मजकूर नाकारा. म्हणजे ‘उत्सर्जन’ आणि ‘इंधन’ हेही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. उत्सर्जन रोखायचं म्हटलं, तर कार्बन पकडून जमिनीत पुरू असं सांगत तेलविहीर चालू ठेवता येते. इंधन थांबवायचं म्हटलं, की विहिरीवरच येतं.

अखेर ठरावात आलं ‘ट्रान्झिशनिंग अवे’. याला ‘फारकत’ म्हणावंसं वाटतं, पण फारकत झाली की संबंध संपला. मूळ शब्दात तेवढं बळ नाही. ‘संक्रमण’ म्हटलं की साथीचा रोग आठवतो. मी ‘इंधनांपासून दूर जाणे’ लिहितो. किती दूर, कधीपर्यंत, हे त्यातून कळत नाही. मुळातूनही कळत नाही.

अजून एक शब्द अडतो: ‘नेट’साठी वापरला जाणारा ‘निव्वळ’. नेदरलँड्समधल्या हेगच्या जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये शेल या तेल कंपनीला २०३०पर्यंत, २०१९च्या तुलनेत, उत्सर्जनात ४५ टक्के निव्वळ कपात करायला सांगितलं होतं (२०२४च्या अपिलात तो आकडा रद्द झाला, उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी मात्र न्यायालयाने मान्य केली). हिशेबात निव्वळ म्हणजे वजावट करून उरलेलं. पण ‘निव्वळ थापा’ म्हणजे शंभर टक्के थापा! त्यामुळे ‘निव्वळ शून्य’ (नेट झीरो) ऐकणाऱ्याला वाटतं, उत्सर्जन अगदीच शून्य होणार. अर्थ जवळजवळ उलटाच. ‘वजाजाता शून्य’ कसा वाटतो? याहून चांगला कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.