झिजका (अक्षरांत आधीच ओरखडे-टवके असलेला) जाड फॉन्ट तयार घ्यावा, की साध्या फॉन्टवर झीज चढवावी?

ठसठशीत:
जुनाट, रांगड्या मथळ्यासाठी तयार झिजका सॅन्स (टोकांना बारीक रेघा नसलेला फॉन्ट) घेऊ नये असं माझं मत. ‘काका’ लिहा, दोन्ही ‘क’चा टवका त्याच जागी उडालेला. शिवाय झीज अक्षराला बांधलेली: ७२ पॉइंटला शोभणारा ओरखडा ८०० पॉइंटला गुळगुळीत कडांचा डाग होतो, १४ पॉइंटला नुसती धूळ. त्यापेक्षा साधा जाड फॉन्ट घ्या, अक्षरांतलं अंतर आधी पक्कं करा, कोरड्या रोलरने कागदावर शाई ओढून ६०० डीपीआयला स्कॅन करा, थ्रेशोल्ड लावून (करडं काढून नुसतं काळं-पांढरं ठेवून) अख्ख्या शब्दावर एकच मास्क, म्हणजे अक्षराचा काही भाग लपवणारा थर.

खिळेजुळारी:
असहमत. तुमची ‘काका’ची तक्रार चांगल्या फॉन्टला लागू नाही. त्यात प्रत्येक अक्षराची दोन-तीन रूपं असतात. ओपनटाइप पॅनेलमध्ये ‘कॉन्टेक्स्चुअल ऑल्टरनेट्स’ चालू असलं की ती आलटून पालटून येतात. आणि अख्ख्या शब्दावर एकच पोत हेच खोटं दिसतं. डॅरियस वेल्सने १८२७मध्ये यंत्राने लाकडी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) काढायला सुरुवात केली, त्या छपाईत प्रत्येक खिळा आपापला झिजतो. कोपरे आधी बोथटतात, उंचीला किंचित कमी असलेला खिळा फिका उठतो, शेजारचा मात्र ठळक. चार अक्षरांतून आरपार गेलेली रेघ ही घडीची खूण, खिळ्याची नव्हे.

ठसठशीत:
घडी पडलेलं पोस्टरच दाखवायचं असेल तर? पण कोपऱ्यांचं मान्य. सगळीकडे सारखी शिंपडलेली भोकं पाहिली की लगेच कळतं.

जाळी_११०:
दोघेही पडद्यावर बघून भांडताय. कापडावर जाळीतून शाई दाबून (स्क्रीन प्रिंटिंगने) छापताना अक्षरातला पांढरा ठिपका म्हणजे जाळीला चिकटलेला इमल्शनचा, म्हणजे शाई अडवणाऱ्या लेपाचा, कण. इंचाला ११० धागे म्हणजे दोन धाग्यांत साधारण ०.२३ मिमी. कणाला निदान दोन धाग्यांचा आधार हवा, म्हणून अर्ध्या मिमीखालचे ठिपके जाळी धुतानाच निघून जातात आणि तिथे शाई भरते. गडद कापडावर खालचा पांढरा थर १ पॉइंटभर आत घ्या, नाहीतर जरा सरकलं की प्रत्येक भोकाला पांढरी किनार. व्हिनाइल कटिंगला (चिकट प्लास्टिकमधून पात्याने अक्षरं कापायला) तर झिजका फॉन्ट नकोच. साध्या रोमन एचच्या कडेला १२ बिंदू पुरतात, झिजक्याला शेकडो, आणि पातं प्रत्येक कणाभोवती फिरतं. सोलत बसा मग.

शिरोरेघ:
देवनागरीत आणखी एक घोळ. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ झिजली की ‘व’ वाचला जातो, ‘ष’चा ‘प’ होतो. अनुस्वार पुसला की ‘मंद’चा ‘मद’. उलट, शिरोरेघेवर सुटा शिंतोडा राहिला तर नसलेला अनुस्वार दिसतो. तयार फॉन्टमध्ये जोडावर दोन अक्षरांच्या शिरोरेघा वेगवेगळ्या झिजलेल्या असतात, त्यामुळे तिथे पायरी दिसते.

खिळेजुळारी:
पायरी दिसू द्या. लाकडी खिळे शेजारी लावले की तिथे फट दिसतेच. ‘ब’ आणि अनुस्वाराचं मात्र खरं.

ठसठशीत:
मास्क असेल तर तेवढ्या जागी पांढरा ब्रश फिरवला की रेघ परत येते. तयार फॉन्टमध्ये आउटलाइन करून (अक्षराचा नुसता आकार करून) बिंदू खोडत बसावं लागतं.