सेकंड हँड रॅपिड टीएसआय घेऊ का? ६२ हजार चाललीय, टर्बोची भीती वाटतेय

कराडकर_८८
मंडळी नमस्कार. गेली नऊ वर्षं एक छोटी हॅचबॅक वापरतोय, आता आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक असे पाच जण बसलो की कुंभार्ली घाटात तिचा जीव जातो. सासुरवाडी चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून एकदा घाट ठरलेलाच, आणि दरवेळी हेळवाकच्या पुढे गेलं की बाबा मागून म्हणणार "एसी बंद कर रे, गाडी ओढंना". कंटाळा आला.

नवीन घ्यायचं बजेट नाही, साडेसहा लाख म्हणजे डोक्यावरून पाणी. एका यूज्ड कारवाल्याकडे स्कोडा रॅपिड १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) बघितली, २०२० ची, सहा गिअर मॅन्युअल, एमएच १४, दुसरा मालक, ६२ हजार किमी. सव्वासहा सांगतोय. चालवली तर खरंच वेड लागलं, तिसऱ्यात नुसता पाय ठेवला की पळते. पण मेव्हणा म्हणतो टर्बो गेला की लाखाला खड्डा, जर्मन कंपनीची गाडी सेकंड हँड घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. तो बरोबर आहे का? ऑटोमॅटिक पण एक होती, बायकोला ती हवीय. कुणी वापरली असेल तर खरं सांगा, मन मोडलं तरी चालेल.

घाटातला_गिअर
दादा मी तीच गाडी चार वर्षं वापरतोय, नाशिकला, ७८ हजार झाली. इंजिन ९९९ सीसी, तीन सिलेंडर, पण ११० पीएस आणि १७५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), आणि तो टॉर्क १७५० आरपीएमपासूनच हातात येतो म्हणून कसाऱ्याला गिअर खाली टाकायची पाळी फार येत नाही. मात्र १५०० च्या खाली गाडी मेलेली असते हे लक्षात ठेव, वळणावर उंच गिअरमध्ये रेटत बसलास तर थरथरते आणि वर शिव्या तिलाच पडतात. मायलेज कागदावर १८.९७, मला गावात १२-१३ आणि हायवेला पाय हलका ठेवला तर १८. बाबांना सांग एसी चालू ठेवून चढते 😄

डिकी ४६० लिटरची आहे, आंब्याच्या पेट्या जातात. पाच माणसं आणि सामान असलं की मोठ्या स्पीडब्रेकरला पोट घासतं, तिरकी काढायची सवय लागते.

ऑटोमॅटिकचं म्हणशील तर १.० टीएसआय रॅपिडला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा) आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. बदनाम झाला तो सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), तो जुन्या व्हेंटो १.२ टीएसआयला होता, ऑक्टाव्हिया १.८ ला पण. ट्रॅफिकमध्ये तापतो आणि मेकाट्रॉनिक (त्यातलं गिअर बदलणारं युनिट) गेलं की मग तुझ्या मेव्हण्याचं म्हणणं खरं. दोन्हीला "ऑटोमॅटिक" म्हणून एका माळेत ओवू नका.

ग्रीस_काका
पोरा, मेव्हण्याचं निम्मं बरोबर आहे. तीस वर्षं गॅरेज केलं, आता मुलगा बघतो. टर्बो आपोआप जात नाही, त्याला मालक मारतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात जादा हवा ढकलतं, लहान टर्बो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज मारतो, आणि एवढ्या वेगाने फिरणारा त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जुनं झालं, जळून काळं डांबर झालं की तो थर गेला, बेअरिंग गेलं, मग निळा धूर. म्हणून मी ६२ हजार हा आकडा बघतच नाही. तेल कधी कधी बदललं ते बघतो, आणि किलोमीटरबरोबर तारीख पण बघतो, कारण लोक वर्षाला चार हजार चालवतात आणि "अजून १५ हजार कुठे झाले" म्हणून तीन वर्षं तेच तेल ठेवतात.

तर असं कर, सर्व्हिसची बिलं माग, तोंडी नको. डब्यावर मॅन्युअलमधला व्हीडब्ल्यूचा (फोक्सवॅगन, स्कोडाची मूळ कंपनी) नंबर असलेलंच तेल पडलंय का ते त्यात दिसतं, जो तो "फुल्ली सिंथेटिक आहे" सांगतो. गाडी बघायला सकाळी जा, आधी फोनवर बजाव की चालू करून ठेवू नका. थंड इंजिन चालू करताना पहिल्या दहा सेकंदात जे ऐकू येतं आणि मागून जे निघतं ते नंतर दिवसभर चालवून कळत नाही. गरम झाल्यावर पाच मिनिटं आयडलला ठेव, मग रेस दे, निळा भपका आला की हात जोडून घरी ये. तेल भरायचं झाकण उघड, आत काळा चिकट थर नको. पाइपच्या जोडाला थोडा ओलसरपणा असतोच, त्याला घाबरू नको, थेंब गळत असेल तर घाबर.

आणि घेतलीस तर घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नको, मिनिटभर चालू राहू दे. बंद केल्यावरही पंखा-पंप चालल्याचा आवाज येईल, तो बिघाड नव्हे. सकाळी गार इंजिनला लगेच पिळायचं नाही. एवढं पाळ.

स्टेज_वन_ग्रस्त
काकांचं सगळं मान्य, एक ॲड करतो. ही गाडी घेणारी निम्मी जनता माझ्यासारखी होती, म्हणजे घेतल्यावर सहा महिन्यात लॅपटॉप जोडून ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. मजा येते पण क्लच लवकर जातो, आणि विकताना सगळे परत स्टॉक (कंपनीच्या सेटिंगवर) करून विकतात, मी पण तेच केलं (माफ करा ज्याने घेतली त्याने). एअर फिल्टरचा डबा बदललाय का, सायलेन्सरला वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघ. चढावर चौथ्यात एकदम दाब, आरपीएम वर गेला आणि वेग नाही गेला तर क्लच संपला.

डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये) असल्यामुळे ते इनटेक व्हॉल्व्हवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवरून, जातच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून साफ करतात, गंमत नाही, खरंच. ६० हजाराला स्पार्क प्लग बदललेत का विचार, नसतील तर तेवढे पैसे कमी कर.

चिपळूणची_लेक
तुमच्या सासुरवाडीकडून एक सल्ला 🙂 २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून दुसरीकडे विकल्या गेल्या. २०२० ची गाडी म्हणजे ती तेव्हा रस्त्यावर होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, सीटच्या खालच्या बोल्टना गंज, आणि एसी लावल्यावर पहिला वास.

पेट्रोलचं पण विचारात घ्या हो. आता पंपावर ई२० च (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, ही गाडी ते येण्याआधीची आहे. ई१० साठी सेट केलेल्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्के पडेल असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात होतं.

घाटातला_गिअर
हो, ई२० मुळे मायलेजमध्ये एक-दीडचा फरक मला जाणवतो. पार्टचं टेन्शन नको, मॉडेल बंद झालं तरी हेच इंजिन पोलो, व्हेंटोला होतं आणि स्लाव्हियाला अजून येतं. फक्त स्कॅनर असलेला बाहेरचा चांगला मेकॅनिक आधी शोध आणि मग गाडी शोध.

कराडकर_८८
अपडेट. शनिवारी न सांगता सकाळी साडेसातला जाऊन उभा राहिलो. काका, बॉनेटवर हात ठेवला तर गरम! म्हणे "आत्ताच धुवायला हलवली". बिलं मागितली तर ३१ हजार किमीचं आहे आणि एकदम ५२ हजार किमीचं, मधलं सगळं "बाहेर केलंय, बिल नाही". धूर वगैरे काही नव्हता, पण हात जोडून आलो.

मग साताऱ्यात एकाची स्वतःची मिळाली, पहिला मालक, २०२१ ची, एमएच ११, ४८ हजार. माणूस जरा खडूस आहे पण फाईल अशी की एलआयसी एजंट लाजेल, दर आठ-नऊ हजाराला तेल, प्रत्येक बिल पंच करून. सीटबेल्ट ओढायला लागलो तर हसला, म्हणाला दोन्ही बाजूचे ओढा. ६.४० लाखाला तयार झालाय. मॅन्युअलच आहे, बायको दोन दिवस बोलली नाही. एकच अडचण, गाडीवर बँकेचे १ लाख १० हजार बाकी आहेत. तो म्हणतो पूर्ण पैसे द्या, मी भरतो आणि एनओसी आणून देतो. द्यावे का?

ग्रीस_काका
माणूस चांगला असेल, तरी त्याच्या हातात देऊ नको. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज मिटवायला किती भरायचे त्याचं पत्र) काढायला लाव, तेवढी रक्कम थेट लोन खात्यात भर, दोघं मिळून बँकेत जा. बँक एनओसी आणि फॉर्म ३५ सही करून देईल, तो आरटीओला गेला की आरसीवरचा बोजा उतरतो. तोवर त्याला टोकन पुरे. बाकी पैसे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की. सातारा आरटीओ सोडून कराडला एमएच ५० ला नेतोयस म्हणून फॉर्म २८ ची एनओसी पण लागेल, नंबर एमएच ११ च राहतो. विम्याचं १४ दिवसात नावावर कर, आणि त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळणार नाही, तो त्याचा. हां, ई-चलन बघ. एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसल्यापासून फाईलवाल्या माणसांची पण निघतात.

कराडकर_८८
दोन निघाली! दोन्ही घाटातली, ओव्हरस्पीड. खडूस माणूस लाजला. उद्या बँकेत जातोय.