लेसर स्थिर कसा करतात? मदत हवी, सोमवारी सेमिनार आहे

पेडणेकर_एमएस्सी: लेसर मुळातच एका रंगाचा असतो, मग त्याला आणखी स्थिर काय करायचं? आणि पॉवर वाढवली की स्थिरपणा जातो का? नेटवर नुसती सर्किटं. लवकर सांगा, सर तारीख बदलायला तयार नाहीत.

डिचोलीकर: कुठला लेसर? किती वॅट? कशाला हवाय?

पेडणेकर_एमएस्सी: अहो, लायगोचा. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राचा. दुसरा कुठला असणार?

वाळपईचा_वायरमन: आधी सर्वो स्टॅबिलायझर बसव. आमच्याकडे पावसात व्होल्टेज १७० वर येतं, फ्रिजसुद्धा कण्हतो.

पठारावरची_बाई: वायरमनदादा, तो वेगळा प्रश्न. पुता, "एका रंगाचा" हे ढोबळ झालं, वारंवारता सतत थोडी हलत असते. लायगोत सुरुवातीला यॅग नावाच्या एकसंध स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा, जेमतेम २ वॅटचा किरण निघतो. त्यातला थोडा ठरावीक लांबीच्या, दोन आरशांच्या पोकळीत सोडतात. वारंवारता सरकली की परतणाऱ्या प्रकाशातून कळतं, किती आणि कुठल्या बाजूला. मंद सरक स्फटिकाचं तापमान बदलून सावरतात, झटपट सरक त्याला चिकटवलेल्या पीझोने, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित ताणणाऱ्या तुकड्याने. हीच पाउंड-ड्रेव्हर-हॉल पद्धत, १९८३ चा पेपर वाच. जोर नंतर अँप्लिफायरमध्ये चढतो. तिथे तीव्रता थरथरते, म्हणून फोटोडायोड थोडा प्रकाश चाखतो आणि मॉड्युलेटर जादाचा बाजूला वळवतो.

डिचोलीकर: एवढं कशाला? पॉवर जास्त तितकं बरं. चौपट करा, फोटॉन म्हणजे प्रकाशकण मोजण्यातला गोंधळ निम्मा.

पठारावरची_बाई: अर्धंच सांगताय. फोटॉन आरशाला ढकलतात. आरसे ४० किलोचे असले तरी कमी वारंवारतेच्या लहरी मोजताना या ढकलण्याचा गोंधळ वाढतो. शिवाय आरसा तापून त्याचा आकार बिघडतो.

डिचोलीकर: म्हणून तर स्क्वीझ्ड प्रकाश वापरतात, क्वांटम गोंधळ दाबलेला!

पठारावरची_बाई: त्याने विचारलंय लेसरबद्दल.

म्हापसा_टू_मडगाव: हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया होतंय ना? मुलगा डिप्लोमा करतोय, भरती कधी?

पेडणेकर_एमएस्सी: धागा भरकटवू नका हो! लायगोच्या त्या दोन लांब बाहूंत पॉवर किती ते सांगा.

पठारावरची_बाई: शेकडो किलोवॅट. पण लेसर एवढं ओकत नाही. आत जातात काही दशक वॅट. ४ किलोमीटरच्या बाहूंत तोच प्रकाश आरशांमध्ये फिरत साचतो.

वाळपईचा_वायरमन: शेकडो किलोवॅट? बिल कोण भरतो?

पेडणेकर_एमएस्सी: दादा, प्लीज. बाई, ती "कुठल्या बाजूला" कळतं म्हणजे कसं? नुसत्या परतीच्या उजेडावरून तर दोन्हीकडे सारखंच दिसेल ना?

पठारावरची_बाई: बरोबर पकडलंस. म्हणूनच आधी प्रकाशाची कला (फेज) रेडिओ वारंवारतेने हलवतात, मुख्य वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना दोन बाजूपट्टे (साइडबँड) तयार होतात. ते पोकळीत शिरत नाहीत, आरशावरूनच परततात. मुख्य किरणाशी त्यांचा ठोका (बीट) मोजला की चिन्हही, म्हणजे सरकण्याची बाजूही, मिळते.