सँडप्लेची पेटी: माप, रेती आणि हात न लावणारी मुलं

शालेय समुपदेशक, नागपूर:
७ ते १० वयाच्या, फार धास्तावणाऱ्या मुलांसाठी सँडप्लेची (रेतीत खेळणी मांडून मन मोकळं करण्याची) पेटी करायची आहे. सुताराला माप काय सांगू? कन्हान नदीची रेती चालेल का? आणि जी मुलं रेतीला बोटही लावत नाहीत, त्यांचं काय?

रेतीवाला:
आतून ७२ × ५० सेंमी, खोली ७. सँडप्ले सुरू करणाऱ्या स्विस उपचारक डोरा काल्फ यांच्या पद्धतीत हेच माप आहे; सगळी पेटी एका नजरेत मावते. मोठी केली की कडा नजरेबाहेर जातात, आणि घाबरणाऱ्या मुलाला कडाच हवी असते. आतून निळा ऑइल पेंट द्या, म्हणजे रेती सारली की खाली पाणी दिसतं. प्लाय वॉटरप्रूफच घ्या, साधा फुगतो.

कन्हानची चालेल, पण बांधकामावरची तशीच ओतू नका. रव्याच्या चाळणीने चाळा आणि पाणी नितळ होईस्तोवर धुवा. गाळ राहिला तर वाळल्यावर धूळ उडते, ती फुप्फुसांना वाईट. अर्धी पेटी भरायला साधारण २० किलो लागते.

खेळ-उपचार:
हात न लावणाऱ्यांना आग्रह नको. चमचा, रंगाचा ब्रश द्या. नुसती खेळणी वर मांडली तरी चालतं. सुरुवात कोरड्या रेतीनेच. ओलीसाठी दुसरी पेटी ठेवा: २० किलोला लिटरभर पाणी, मुठीत दाबून गोळा टिकला की बस. काम झाल्यावर झाकू नका, पावसाळ्यात वास धरते.

खेळण्यांत माणसं, घरं, झाडं, गाड्या, पूल हवेतच. कुंपणं भरपूर ठेवा. तान्ह्या पोळ्याचा बोटभर लाकडी नंदीही घ्या. वाघ, साप, राक्षस मात्र ‘मूल घाबरेल’ म्हणून काढू नका. सर्रास होणारी चूक हीच! भीती ठेवायला त्याला काहीतरी लागतं ना.

मुलाने वाघाभोवती पाच कुंपणं लावली, तर ‘हा वाघ कोण?’ विचारायचं नाही. तुम्ही बाजूला बसून बघायचं. फोटो आणि आवराआवर मूल गेल्यावर.

शालेय समुपदेशक, नागपूर:
पालक फोटो मागतात हो.

खेळ-उपचार:
देऊ नका. घरी ‘साप का पुरलास?’ सुरू झालं की पुढच्या वेळी मूल शोभेचं चित्र मांडतं.

रेतीवाला:
आणि प्रशिक्षण, देखरेख नसेल तर याला उपचार म्हणू नका. चिंतेवर सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) पुरावा जास्त भक्कम आहे. रोज सकाळी पोट दुखून शाळा बुडत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ.